टकळी, कासव आणि आपल्या शाळेचे गणित

आपल्या शाळेच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा एक तास असायचा. बहुतेकांच्या लेखी तो मोकळा तास. कुणी कागदाची फुले करायचा, कुणी काथ्याचे पायपुसणे, कुणी नुसतीच टकळी चालवायचा, म्हणजे तोंडाची! वर्षाच्या शेवटी वहीवर सही आणि प्रगतिपुस्तकात श्रेणी पडली की विषय संपला. आपल्याआधीच्या पिढीच्या दप्तरात मात्र खरीखुरी टकळी आणि पेळू असत. हा तास आला कुठून, हे आपल्याला कुणी सांगितले नाही. तो आपल्याच वर्धा जिल्ह्यातून निघाला आणि देशभर गेला. त्याच्या मूळ हेतूंपैकी एक हेतू गणित शिकवणे हा होता.

हे आज आठवण्याचे कारण असे, की माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला संगणक कक्ष द्यावा अशी सूचना पुढे आली आहे आणि त्यावर स्मरणिकेत लिहावे असा समितीचा आग्रह आहे. मी नोकरीची सगळी वर्षे गणित शिकवण्यात घालवली. मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून गणित शिकावे, हा विचार मला मनापासून पटतो. पण असाच एक विचार आपल्या जिल्ह्यात एकदा येऊन गेला आहे. त्याचे काय झाले ते पाहिल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत असे मला वाटते. म्हणून हा थोडा इतिहास.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ आणि प्रांतांचे शिक्षणमंत्री जमले. अध्यक्ष होते महात्मा गांधी. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेले, असे ठराव तिथे झाले. अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २ डिसेंबर १९३७ रोजी तिचा अहवाल तयारही झाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली आणि पुढे सेवाग्रामात हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम सुरू झाले. झाकीर हुसेन अध्यक्ष आणि आर्यनायकम् मंत्री. हीच ‘वर्धा योजना’, हीच ‘नई तालीम’.

नई तालीम म्हणजे सूतकताई, एवढेच आपल्या डोक्यात बसले आहे. अहवालात गणितासाठी काय होते ते पाहिले तर वेगळे चित्र दिसते. साध्या आणि मिश्र परिमाणांच्या चार क्रिया, अपूर्णांक, दशांश, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रमापन, व्यावहारिक भूमिती आणि हिशेबाच्या वह्या ठेवणे, हे सगळे होते. अट एवढीच, की उदाहरण मुलाच्या हातातल्या कामातून, घरातून किंवा गावातून यावे. या पद्धतीला ‘समवाय’ असे नाव होते. काम आणि ज्ञान एकमेकांत असे विणलेले असावे, की एक ओढले तर दुसरे सोबत यावे.

सुताचेच उदाहरण घेऊ. सुताचा ‘नंबर’ ठरवण्याची गिरणीतली पद्धत अशी : ८४० वारांची एक लड धरायची आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. मुलाने ८४० वार सूत काढले आणि त्याचे वजन पौंडाचा दहावा भाग भरले, तर नंबर १०. तेवढ्याच लांबीचे सूत विसाव्या भागाइतके भरले, तर नंबर २०. वजन निम्मे झाले, नंबर दुप्पट झाला. हेच व्यस्त प्रमाण. आपल्याला ते ‘इतके मजूर, इतके दिवस’ अशा उदाहरणांतून शिकवले गेले आणि ते मजूर आपण कधी पाहिले नाहीत. टकळीवरच्या मुलाला मात्र बोटांनाच कळायचे, की सूत जितके बारीक, तितका नंबर मोठा. ज्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारापर्यंत गेले होते, तिथल्या मुलांसाठी याहून जवळचे उदाहरण कोणते असणार?

मग हे टिकले का नाही? धोक्याची घंटा पहिल्याच दिवशी वाजली होती. परिषदेत प्रा. के. टी. शाह यांनी शाळा स्वतःच्या उत्पन्नावर चालावी या कल्पनेवर कडाडून टीका केली. झाकीर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात इशारा दिला, की आर्थिक बाजूवर भर पडून शिक्षणाचा हेतू मागे पडण्याची भीती आहे. पुढे बहुतेक ठिकाणी तसेच झाले. सूत मोजले गेले, पण त्या मोजण्यातून त्रैराशिक काढून दाखवणारा शिक्षक तयार झाला नाही. सूतकताईचा तास वेगळा आणि गणिताचा तास वेगळा, असे दोन डबे झाले. पालकांनाही वाटू लागले, की शहरातल्या मुलांना इंग्रजी आणि आमच्या मुलांना चरखा, हा कुठला न्याय? त्यांचे फारसे चुकले नव्हते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने या विचाराला ‘कार्यानुभव’ असे नवे रूप दिले आणि तो आपल्या वेळापत्रकात येऊन बसला. समवाय गेला, काथ्याचे पायपुसणे राहिले.

आता थोडे दूर जाऊ. ज्या १९६७ साली डॉ. झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले, त्याच साली अमेरिकेत केंब्रिज शहरात ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार झाली. ती केली वॉली फ्युरझाइग, सिमॉर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी, आणि खास मुलांसाठी केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणितज्ञ. मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञान रचते असे सांगणारे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काही वर्षे काम केले होते. लोगोच्या जोडीला पुढे एक ‘कासव’ आले. आधी ते जमिनीवर फिरणारे, पोटाशी पेन बांधलेले छोटे यंत्र होते. नंतर ते पडद्यावर आले. त्याला दोनच गोष्टी सांगायच्या : पुढे किती जा आणि किती अंश वळ.

या कासवाला समभुज त्रिकोण काढायला सांगा, असे आठवीतल्या मुलाला सांगितले तर ते काय लिहील? समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश हे त्याला पाठ असते. म्हणून ते लिहिते : ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ असे तीन वेळा. कासव चालते आणि त्रिकोण होतच नाही. तीन बाजू उघड्या, वाटीसारख्या राहतात. मूल चक्रावते. हीच आज्ञा आणखी तीन वेळा दिली तर आकृती बंद होते, पण तो निघतो षटकोन! मग त्याला जागेवर उभे करून सांगायचे, ‘तूच कासव हो आणि चालून दाखव.’ त्रिकोणाच्या कोपऱ्यावर पोचल्यावर आपण आतल्या कोनाइतके वळत नाही, बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंश वळतो, हे त्याच्या पायांना कळते. तीन वळणांचे ३६०. चौकोनाला ९० ची चार, पंचकोनाला ७२ ची पाच, षटकोनाला ६० ची सहा. कितीही बाजू घ्या, एक फेरी पुरी करून पहिल्या दिशेला तोंड आले की एकूण वळण ३६० अंशच. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश हे आपण पाठ केलेले प्रमेय इथे चालून सिद्ध होते. पाच टोकांच्या चांदणीला प्रत्येक वळण १४४ अंशांचे लागते. पाचांचे ७२०, म्हणजे कासवाच्या दोन पूर्ण फेऱ्या. आणि ‘पुढे १, उजवीकडे १’ असे ३६० वेळा केले की जवळजवळ वर्तुळ. त्याचा परीघ ३६० पावले आणि व्यास मोजला तर ११४ ते ११५ पावले. भागाकार करा, पाय हाती येतो.

या उदाहरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती मुलाची पहिली चुकलेली आकृती. आपल्या वहीत चूक म्हणजे लाल फुली होती. फुली पडली की पुढचे गणित. इथे तसे नाही. यंत्र तुम्ही सांगितले तेच करते आणि तुमचा विचार जसाच्या तसा पडद्यावर मांडते. त्यात कुठे बिघडले ते शोधायचे, एक आकडा बदलायचा, पुन्हा चालवायचे. कच्चे सूत तुटले की ते जोडून मूल पुन्हा टकळी फिरवायचे, तसेच हे. १९८० साली पॅपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात हेच मांडले, की चूक ही शिक्षा करण्याची नव्हे, दुरुस्त करण्याची गोष्ट आहे. वर्धा आणि केंब्रिज यांची एकमेकांशी गाठ पडल्याचे मी म्हणत नाही. पण हाताने काहीतरी घडवताना गणित कळते, ही समजूत दोन्हीकडे एकच होती.

आपल्या देशात शाळांमध्ये संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाने झाला. सुमारे अडीचशे शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे इंग्लंडचे संगणक मिळाले. २००४ च्या डिसेंबरात केंद्राची ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ योजना आली आणि संगणक कक्ष हा शब्द खेड्यापाड्यात पोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर माध्यमिकपूर्व वर्गांतच कोडिंगचे उपक्रम सुरू करावेत असे म्हटले. पण मी जिथे जिथे पाहिले, तिथे संगणक हा एक वेगळा विषय झाला. त्याचे वेगळे सर, वेगळे पुस्तक, वेगळी परीक्षा. मुले पडद्यावर चित्र रंगवतात, भागांची नावे पाठ करतात. गणिताच्या शिक्षकाचा त्या खोलीशी संबंध नाही. पुन्हा दोन डबे.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. १९८४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी लोगो शिकलेल्या मुलांची तपासणी केली. नियोजन करून विचार करण्यात ती इतर मुलांच्या पुढे आहेत का, हे त्यांना पाहायचे होते. तसा फरक त्यांना दिसला नाही. इंग्लंडमध्ये ‘स्क्रॅच’ या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या भाषेतून गणित शिकवण्याचा प्रयोग शंभराहून अधिक शाळांत झाला. त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. मुलांचा संगणकीय विचार सुधारला होता, पण दोन वर्षांनंतरच्या गणिताच्या परीक्षेत फरक पडला नव्हता. दुसऱ्या वर्षी अनेक शाळांत तो ठरल्याप्रमाणे राबवलाच गेला नाही, हेही त्याच अहवालात आहे. सांगायचे एवढेच, की प्रोग्रॅममधले गणित आपोआप मुलाच्या डोक्यात उतरत नाही. ते कुणीतरी बोट ठेवून दाखवावे लागते.

कुठे बोट ठेवायचे याचे एक उदाहरण देतो. ते आपल्या गावाकडच्या जीवनातले आहे. सावकाराचा दर ‘शेकडा दोन’, म्हणजे महिन्याला शंभराला दोन रुपये. १०,००० रुपये घेतले, मध्ये काहीच फेडले नाही आणि व्याज दर महिन्याला मुदलात मिळवले गेले, तर रक्कम दुप्पट कधी होईल? सरळव्याजाने ५० महिने लागतात, हे तोंडी निघते. चक्रवाढीसाठी मुलाने दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा : ‘रक्कम = रक्कम × १.०२’ आणि हे दुप्पट होईपर्यंत पुन्हा पुन्हा कर. पडद्यावर महिन्यामागून महिना रक्कम उतरते. ३५ व्या महिन्याला १९,९९९ रुपये, म्हणजे दुपटीला फक्त एक रुपया कमी! पुढच्या महिन्यात २०,००० चा आकडा मागे पडतो. पन्नास आणि पस्तीस यांतले पंधरा महिने म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

पण याच दोन ओळींत एक खाचही आहे. बीजगणिताच्या तासाला ‘रक्कम = रक्कम × १.०२’ असे लिहिले तर त्याचे उत्तर एकच : रक्कम शून्य. गणितात बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजू, दोन्ही पारडी सारखी. प्रोग्रॅममध्ये तेच चिन्ह म्हणजे आज्ञा : उजवीकडचे काढून डावीकडच्या डब्यात ठेव. हा फरक सांगितला नाही तर मुलाचे बीजगणित उलट बिघडते. अमेरिकेत इमॅन्युएल शान्झर या गणित शिक्षकाने नेमके हे ओळखून ‘बूटस्ट्रॅप’ नावाचा अभ्यासक्रम उभा केला. त्यात मुले स्वतःचा व्हिडिओ गेम तयार करतात, पण भाषा अशी निवडलेली आहे, की तिच्यातले फल आणि चल बीजगणितातल्यासारखेच वागतात. खेळातली दोन पात्रे एकमेकांना धडकली की नाही, हे पायथागोरसच्या प्रमेयाने ठरवावे लागते. प्रमेय चुकले तर खेळ चालत नाही.

महाराष्ट्रातही जपण्यासारखी कामे आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. काम करत शिकणे हेच त्याचे सूत्र. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर आराखडा करून यंत्राने वस्तू घडवण्याची कार्यशाळा उभी राहिली. ती पाबळसारख्या खेड्यात आली, हे लक्षात घ्या. आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शाळांसाठी ‘कम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकमाला तयार केली. आणि आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, नई तालीमची ‘आनंद निकेतन’ शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. विझली असे वाटलेली चूल राखेखाली धगधगत होती.

आता आपल्या गिरडविषयी. आपल्या शाळेला प्रकल्पांसाठी बाहेर कुठे जायची गरज नाही. बाबा फरीदांच्या टेकडीवरचे गोल दगड आपण सर्वांनी हातात घेतले आहेत. व्यापाऱ्याने थट्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले, ही कथा आपण ऐकत मोठे झालो. भाविकांच्या श्रद्धेचा मान राखून, दगड जिथला तिथे ठेवून, मुलांनी पन्नास दगडांचा व्यास मोजावा, वजन करावे आणि ते आकडे प्रोग्रॅमला देऊन आलेख काढावा. व्यास दुप्पट झाला की वजन दुप्पट होत नाही, आठपटीच्या आसपास जाते. घनफळाचा नियम तिथे टेकडीवरच सापडेल. दगड नेमके गोल नाहीत म्हणून ठिपके रेषेच्या आजूबाजूला पसरतील आणि सरासरी कशासाठी असते हेही कळेल. पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद घेता येईल. पटांगणातच चुन्याच्या रेघांवर चालून कासवाचे खेळ होतील. त्याला तर वीजही लागत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती किती वेळ असते हे काय सांगावे!

म्हणून माझी सूचना अशी. संगणक जरूर द्यावेत, पण वीसऐवजी आठ-दहा पुरेत. एका संगणकावर दोन-तीन मुले बसली की ती आपसांत बोलतात आणि बोलताना गणित पक्के होते. स्क्रॅच इंटरनेटशिवाय चालते, लोगोसारखे कासव पायथॉनमध्ये फुकट मिळते. सॉफ्टवेअरवर पैसे घालू नयेत. वाचलेला पैसा गणिताच्या शिक्षकांसाठी ठेवावा. त्यांना पाबळ आणि सेवाग्राम पाहून यायला, सुट्टीत आठ दिवस एकत्र बसून प्रकल्प तयार करायला. आणि देणगीपत्रात एक अट लिहावी : या खोलीची किल्ली गणिताच्या शिक्षकांकडे राहील. आपल्यातले जे पुण्या-नागपुरात संगणकाच्या नोकऱ्या करतात, त्यांनी वर्षातून दोन दिवस येऊन मुलांबरोबर बसावे. भाषण नको, नुसते शेजारी बसावे.

आपल्या गुरुजनांनी फळा आणि खडू एवढ्याच साधनांवर आपल्याला घडवले. त्यांच्यातल्या कुणीही कार्यानुभवाचा तास वाया जावा म्हणून घेतला नव्हता. त्या तासात गणित कसे ओतायचे हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, त्यासाठी वेळही दिला नव्हता. टकळी वाईट नव्हती. ती फिरवताना मोजायला शिकवणारा माणूस आपण उभा केला नाही. संगणकाच्या बाबतीत हेच पुन्हा घडू द्यायचे की नाही, हे या वेळी आपल्या हातात आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत मित्रमैत्रिणींनी आणि गुरुजनांनी यावर मोकळेपणाने बोलावे, अशी विनंती.